लग्नातला ड्रोन आणि विमानतळावरचा

आमच्या सावंतवाडीत आता लग्न म्हटलं की डोक्यावर घोंगावणारा ड्रोन आलाच. इकडे हळद लागत असते आणि ओटीवरच्या म्हाताऱ्या काकी वर बघत विचारतात, 'अगो बाय, ह्या काय भुंग्यासारख्या घोंगावता?' हौसेला मोल नाही, हे खरंच. पण या भुंग्याला आपल्या भागात एक मोठी लक्ष्मणरेषा आहे, ती किती यजमानांना ठाऊक असते?

आपण दोन विमानतळांच्या मधोमध राहतो. परुळे-चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं. हद्दीपलीकडे मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मुभा आहे, त्यावर नाही. यात उगाच बाऊ केलेला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या नुसत्या खबरांनी सुमारे हजार विमानांचं वेळापत्रक कोलमडलं होतं. तेही ऐन नाताळच्या तोंडावर!

आणि गंमत बघा, ज्याला विमानतळाजवळ फिरकू द्यायचं नाही, तोच ड्रोन आता विमानतळावरच्या बचावकार्यासाठी हवा, असं जाणकार म्हणू लागले आहेत. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने तसे प्रयोगही केले आहेत. का हवा, ते मला एका मुलीच्या गोष्टीवरून पटलं.

६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला एक कोरियन विमान उतरताना कोसळलं. ३०७ माणसं होती, त्यातली ३ गेली. त्यांच्यात सोळा वर्षांची एक शाळकरी मुलगी होती. ती विमानाजवळ जमिनीवर पडलेली होती. अग्निशमन दलाच्या काही जवानांनी तिला पाहिलंही होतं. पण ती नेमकी कुठे आहे, हे बाकीच्या गाड्यांपर्यंत पोचलंच नाही. आग विझवायचा पांढरा फेस तिच्यावर साचला आणि बचावाला आलेल्याच दोन गाड्या तिच्यावरून गेल्या. तेव्हा ती जिवंत होती, असं तिथल्या कोरोनरने सांगितलं. वाचवायला आलेल्यांच्या हातून असं व्हावं! आईच्या जागी स्वतःला ठेवून बघवत नाही.

कुणाचा हेतू वाईट नव्हता. सगळं चित्र एकाच ठिकाणी कुणाला दिसत नव्हतं, एवढंच. ड्रोन नेमकं ते करतो. वर जाऊन पाहतो आणि तेच चित्र प्रमुखाच्या पडद्यावर पाठवतो. त्याला उष्णता टिपणारा कॅमेरा लावता येतो. चुलीत वरून राखच दिसते, पण हात जवळ नेला की आतला निखारा कळतो ना, तसंच ते. अंधारात, झुडपात पडलेल्या माणसाच्या अंगाची ऊब त्या कॅमेऱ्याला कळते.

आपल्याकडे याची गरज जास्तच आहे. आंतरराष्ट्रीय दंडकाप्रमाणे विमानतळाची अग्निशमन गाडी धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांत पोचली पाहिजे. धावपट्टीवर ती पोचेलही. पण विमान धावपट्टी सोडून खाली गेलं तर? मंगळूरला २२ मे २०१० ला तेच झालं. विमान दरीत गेलं, १५८ जीव गेले, ८ वाचले. कोळीकोडला ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री भर पावसात पुन्हा तेच. १९० जणांतले २१ गेले, त्यात विमान चालवणारे आपले मराठी कॅप्टन दीपक साठेही होते. तिथे गावकरी कोरोनाची भीती विसरून धावले आणि मिळेल त्या गाडीतून जखमींना घेऊन गेले. बचावकार्यात ताळमेळ नव्हता, असा शेरा नंतर चौकशी अहवालात आला.

आपले चिपी आणि मोपा दोन्ही कातळाच्या सड्यावर आहेत. सडा संपला की उतार, काजीच्या बागा, रान. दिवसाउजेडी तिथे वाट सापडेल, पण रात्री?

आता मनात येईल, एवढं असेल तर लगेच घ्या की! पण आपला पाऊस आडवा येतो. कोकणातल्या जुलैच्या वादळी पावसात साधा ड्रोन टिकत नाही. बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास उतरते. शिवाय नियंत्रण कक्षाने आकाश मोकळं केल्याशिवाय तो सोडायचा नाही, नाहीतर जखमींना न्यायला आलेल्या हेलिकॉप्टरलाच धोका. म्हणजे नुसतं यंत्र विकत घेऊन भागत नाही. ते कुणी, कुणाच्या हुकमाने उडवायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. सरकारी कपाटात बंद पडलेली यंत्रं आपण काय कमी बघितलीत?

ड्रोन आपल्या जिल्ह्याला नवा नाही. जानेवारी २०२५ पासून मत्स्यव्यवसाय खात्याने बेकायदा मासेमारीवर नजर ठेवायला किनाऱ्यावर ड्रोन आणले, त्यात आपलं देवगडही आहे. आणि हे पुरुषांचंच काम असंही समजायला नको. केंद्राने २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५,००० बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरवलं. दहावी पास, वय १८ ते ६५ असेल आणि रीतसर प्रशिक्षण घेतलं तर परवाना मिळू शकतो. लोणची-पापडांच्या पलीकडे बघणाऱ्या गटांनी याची चौकशी जरूर करावी.

आणखी एक. विमानतळांना ठराविक काळाने आपत्तीची रंगीत तालीम करावी लागते. परुळे, चिपी, म्हापण भागातल्या मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत विचारा: या तालमीत गावाला बोलावणार का? दिवसा घरात आपणच असतो. फाटक कोणतं उघडायचं, फोन कुणाला करायचा, जखमीला हलवायचं की नाही, हे आपल्याला कोण सांगणार? आणि तसा प्रसंग आलाच, तर गावातल्या हौशी पोरांचे ड्रोन त्या वेळी पेटीतच राहतील, हे बघायचं कामही बहुधा आपल्याकडेच येईल.