बदलते हवामान, गोचिडी आणि माकडताप

मानवास होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के रोगांचे मूळ प्राण्यांमध्ये आढळते. यांतील अनेक रोगांचा प्रसार डास, गोचिडी, पिसवा यांसारख्या संधिपाद वाहकांमार्फत होतो. या वाहकांना स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. त्यामुळे त्यांची वाढ, प्रजनन व आयुर्मान सभोवतालची उष्णता आणि आर्द्रता यांवर अवलंबून असते. हवामान बदलले की वाहकांचा हंगाम बदलतो आणि त्यामागोमाग रोगाचाही. पश्चिम घाटातील माकडताप, अर्थात क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, हे याचे जवळचे उदाहरण होय.

शिमोग्यापासून सिंधुदुर्गापर्यंत

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये माकडांच्या मृत्यूबरोबरच माणसांमध्येही तापाची साथ आढळली. पुण्यातील तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला. अनेक दशके हा रोग मुख्यत्वे कर्नाटकातील काही जिल्ह्यांपुरता मर्यादित होता. २०१२ नंतर मात्र तमिळनाडूचा निलगिरी परिसर, केरळमधील वायनाड, गोव्यातील सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुका येथे त्याची नोंद झाली. जंगलतोड, जंगलालगत वाढलेली लागवड व गुरांची चराई, तसेच निदानाच्या सुधारलेल्या सोयी ही या विस्तारामागील महत्त्वाची कारणे आहेत. त्यांच्या जोडीला हवामानाचा प्रभावही विचारात घेणे आवश्यक आहे.

गोचिडीचे ऋतुचक्र

या विषाणूचा प्रमुख वाहक हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी प्रौढ गोचिडी सक्रिय होतात आणि गुरांसारख्या मोठ्या जनावरांचे रक्त शोषतात. रक्त पिऊन फुगलेली मादी जमिनीवर पडते व पालापाचोळ्यात हजारो अंडी घालते. पावसाळा ओसरताना त्यांतून सूक्ष्म अळ्या बाहेर पडतात. पुढील अवस्थेतील पिल्ले साधारणतः डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत सक्रिय असतात आणि मानवास संसर्ग मुख्यतः त्यांच्याच चाव्यातून होतो. काजू वेचणे, सरपण व पाला गोळा करणे ही कामेही नेमकी याच काळात चालतात.

अंडी व अळ्या जगण्यासाठी पालापाचोळ्यातील ओलावा निर्णायक ठरतो. उष्णता वाढल्यास एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्यास लागणारा काळ घटतो. परंतु अतिशुष्क हवेत गोचिडी मरतात. म्हणजेच तापमानवाढीचा परिणाम सर्वत्र सारखा होत नाही. लांबलेला पाऊस किंवा हिवाळ्यातील अवकाळी सरी ओलावा टिकवून ठेवतात आणि गोचिडींचा हंगाम मागेपुढे सरकू शकतो. यास्तव केवळ दिनदर्शिका पाहून दक्षता घेणे पुरेसे ठरणार नाही. प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड हवी.

गुरांचे स्थान

गुरांमध्ये हा रोग सहसा दिसून येत नाही. तथापि प्रौढ गोचिडींना त्यांच्यामुळे मुबलक अन्न मिळते व गोचिडींची संख्या वाढते. म्हणून जंगलात चरणाऱ्या जनावरांचे गोचीड नियंत्रण हे पशुआरोग्याबरोबरच मानवी आरोग्याचेही काम ठरते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने योग्य मात्रेत गोचीडनाशक वापरावे, औषधे आलटून पालटून द्यावीत आणि औषधोपचारानंतर दूध वापरण्याबाबतचा निर्धारित काळ पाळावा. गोठ्यात जंगलातील पाला अंथरणे टाळावे.

दक्षता आणि सूचना

जंगलात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत व उघड्या अंगावर गोचीडरोधक तेल लावावे. परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून कपडे धुवावेत. अंगावरील गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने त्वचेलगत पकडून ओढून काढावी.

मृत माकड आढळणे हा धोक्याचा पहिला इशारा मानावा. माकड मेल्यावर त्याच्या अंगावरील संसर्गित गोचिडी परिसरात पसरतात. मृतदेहास स्पर्श न करता वन विभाग, पशुसंवर्धन विभाग व प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे.

गोचीड चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक तीव्र ताप, डोकेदुखी, स्नायूदुखी, उलट्या ही लक्षणे दिसतात. काहींना रक्तस्रावही होतो. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के आहे. विशिष्ट विषाणुरोधक औषध उपलब्ध नसल्याने लवकर निदान व आधारभूत उपचार हेच जीव वाचवतात. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने न घेता रुग्णाने जंगलात गेल्याची माहिती डॉक्टरांना द्यावी. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे रुग्णास वाळीत टाकण्याचे कारण नाही.

एकत्रित दृष्टीची गरज

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची बंगळूर येथील निवेदी ही संस्था हवामानविषयक घटकांच्या आधारे प्रमुख पशुरोगांचा पूर्वअंदाज दोन महिने आधी देते. असे अंदाज गावाच्या नोंदींशी जोडले गेले तरच उपयुक्त ठरतात. अवकाळी पावसाची नोंद, जनावरांवरील गोचिडींचे प्रमाण आणि माकडांचे मृत्यू ही माहिती आज तीन वेगवेगळ्या विभागांकडे जाते. विस्तार कार्यकर्त्यांनी ती गावपातळीवर एकाच वहीत नोंदवून तिन्ही विभागांपर्यंत पोहोचवली, तर माणसांतील पहिला रुग्ण आढळण्यापूर्वीच प्रतिबंधाचे काम सुरू करता येईल.