भाकरीतलं लोह

मैत्रिणींनो, पोट भरलं म्हणजे भूक भागलीच असं नाही. अंगात रक्त कमी असणं, हीसुद्धा भूकच. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटच्या साथीनं २०१८ साली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आणली. तिच्या किलोभर दाण्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह, नेहमीच्या ज्वारीत ३० च्या आसपास. जस्तही जास्त. हा संकरित वाण नाही, म्हणून चांगली कणसं निवडून बियाणं घरीच ठेवता येतं. आपण मात्र सगळं रान सोयाबीनला देतो अन् ज्वारी दुकानातून आणतो! घरापुरती तरी पेरू; जनावरांना कडबाही होईल. भाकरीबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर घेऊ, चहा तासभर लांब ठेवू, म्हणजे लोह अंगी लागतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या बंद करायच्या नाहीत.