किनाऱ्यावरची शहरं – ९ : धक्क्याखालचे खांब

न्यूयॉर्कमध्ये मालवाहतुकीच्या जुन्या धक्क्यांवर उभ्या राहिलेल्या ब्रुकलिन ब्रिज पार्कमध्ये धक्का क्रमांक १ वरच्या टेकड्या हायवेचा आवाज कसा अडवतात, ते या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो. गेल्या लेखावर आलेल्या पत्रांमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय, आणि ठाण्याच्या एका वाचकांनी तो सगळ्यात सरळ विचारलाय. ते लिहितात, "ब्रुकलिन ब्रिज पार्कची जमीन सार्वजनिक. लोकांनी वर्षानुवर्षं भांडून ती मिळवली. मग तिच्यावर श्रीमंतांचे फ्लॅट आणि हॉटेल कशाला? आपल्याकडे असं झालं असतं तर आपण काय म्हणालो असतो?"

आपण जे म्हणालो असतो तेच ब्रुकलिनचे लोकही म्हणाले, आणि कोर्टातही गेले. पण या प्रश्नाचं उत्तर फ्लॅटमध्ये शोधून मिळत नाही. त्यासाठी धक्क्यांच्या खाली जावं लागतं. हा माझा फार आवडीचा विषय आहे, त्यामुळे आजचा सगळा लेख पाण्याखालीच जाणार.

पन्नासच्या दशकात न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटीने हे धक्के ताब्यात घेऊन नव्याने बांधले, हे मागे आलंच आहे. त्यांतला १ नंबरचा धक्का बराचसा भरावावर आहे, म्हणून तर त्याच्यावर टेकड्या रचता आल्या. बाकीचे धक्के उभे आहेत लाकडी खांबांवर. ईस्ट रिव्हरच्या गाळात ठोकलेले असे दहा हजारांहून जास्त खांब या उद्यानाखाली आहेत. वर फुटबॉल चाललेला असतो, पोरं स्केटिंग करत असतात, कुणी हिरवळीवर पडून समोरचं मॅनहॅटन बघत असतं. या सगळ्यांचा भार त्या लाकडावर. २, ३ आणि ५ नंबरच्या धक्क्यांचे आराखडे नीट पाहिले तर उद्यान आखणाऱ्या मायकेल व्हॅन व्हाल्केनबर्ग यांच्या कचेरीने वजनाचा किती धाक बाळगलाय ते दिसतं. २ नंबरवर जुन्या गोदामाचा पोलादी सांगाडा तसाच ठेवून खाली खेळाची मैदानं केली. ३ नंबरवर चढ-उतार हवे होते, तर मातीच्या पोटात हलका फोम भरला. ४ नंबर तर पाण्यालाच देऊन टाकला. त्याच्या अवशेषांवर आता पक्षी बसतात.

आता, खाऱ्या पाण्यात लाकूड उभं करायचं म्हटलं की आपल्या किनाऱ्यावरचा कुणीही कोळी पहिला प्रश्न विचारेल तो किड्याचा. रत्नागिरीला मांडवीच्या वाळूत वाहून आलेलं फळकूट मी एकदा उचललं होतं. वरून बघावं तर टाचणी टोचल्यासारखी चार-दोन भोकं, बाकी लाकूड ठणठणीत. गुडघ्यावर ठेवून दाबलं तर बिस्किटासारखं तुटलं. आत पेन्सिल जाईल एवढ्या जाडीचे बोगदेच बोगदे, एकमेकांना खेटून, पण एकही दुसऱ्यात शिरलेला नाही. प्रत्येकाला आतून पांढऱ्या चुन्याचं गुळगुळीत अस्तर.

हे काम टेरेडोचं. त्याला इंग्रजीत जहाजाचा किडा म्हणतात, पण तो किडा नाही. तो शिंपल्या-तिसऱ्यांचा भाऊबंद. तिसऱ्यांना असतात तशा दोन शिंपा त्यालाही असतात, फक्त त्या अंग झाकण्यापुरत्या उरलेल्या नाहीत. त्या डोक्याशी सरकल्यात आणि त्यांच्या कडांना कानशीसारखे दाते आलेत. अळी असताना तो पाण्याबरोबर तरंगत येतो, लाकूड भेटलं की चिकटतो, बारीकसं भोक पाडून आत शिरतो आणि मग आयुष्यभर बाहेर येत नाही. जसा वाढतो तसा बोगदा रुंद आणि लांब करत जातो. फूटभर लांबीचा टेरेडो ही काही नवलाची गोष्ट नाही. शेपटीकडच्या दोन नळ्या तेवढ्या भोकापाशी, श्वासासाठी. पाणी बिघडलं की तो तिथे दोन इवलीशी झाकणं लावून दार बंद करून बसतो. लाकूड पचवायला लागणारी रसायनं तो स्वतः बनवत नाही, त्याच्या कल्ल्यांत राहणारे जीवाणू ती पुरवतात. या प्राण्यावर वर्षभर लेखमाला चालवता येईल असं मला नेहमी वाटतं.

त्याचा जोडीदार ग्रिबल. हा कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला, तांदळाच्या कणीएवढा. तो आत न शिरता बाहेरून कुरतडतो, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जास्त. म्हणून ग्रिबल लागलेला खांब वर जाड, खाली जाड आणि मधे कमरेशी बारीक झालेला दिसतो. टेरेडोने खाल्लेला खांब बाहेरून धड दिसतो, हा त्याचा खरा धोका.

या दोघांनी इतिहासात काय काय केलंय! १७३०च्या दशकात हॉलंडच्या समुद्रबांधांना लावलेलं लाकूड टेरेडोने इतकं पोखरलं की लोक तो देवाचा कोप समजले, आणि शेवटी बांधांना दगड लावावे लागले. मुंबईचा गोदीवाडाही त्याला ओळखून होता. वाडियांच्या हाताखाली सागवानाची जहाजं बांधली जायची, त्यांतलं १८१७चं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाहायला मिळतं. साग ओकपेक्षा चिवट, तरीही त्या काळातल्या लढाऊ जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकायची पद्धत होती, ती याच प्राण्याच्या भीतीने. ज्यांना तांबं परवडत नव्हतं त्या आपल्या कोकणातल्या नावाड्यांनी होड्या पावसाळ्यात वर ओढून ठेवल्या, तळाला उंडीचं तेल चोपडलं.

मग प्रश्न असा की टेरेडो एवढा जुना, तर न्यूयॉर्क बंदराने लाकडी खांबांवर इतका भरवसा टाकला कसा?

कारण बंदरात टेरेडो जगू शकत नव्हता. ईस्ट रिव्हर नावाची नदी असली तरी ती दोन्ही टोकांनी समुद्राला जोडलेली खारी सामुद्रधुनी आहे, म्हणजे मीठ भरपूर. नव्हता तो प्राणवायू. शहराचं मैलापाणी पिढ्यान्‌पिढ्या सरळ या पाण्यात सुटत होतं. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपून जायचा, त्यात कारखान्यांची रसायनं आणि तेल. माशांना जिथे श्वास घेता येत नव्हता तिथे लाकूड खाणारे तरी कुठून येणार? घाणीने खांब राखले. बंदर चालवणाऱ्यांना हे फुकटचं संरक्षण होतं, त्यामुळे खांबांची काळजी घ्यायची वेळच त्यांच्यावर आली नाही.

१९७२ साली अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा आला. शहराने मैलाशुद्धीकरणाची केंद्रं वाढवली. मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाचं मैलापाणी अडवणारं नॉर्थ रिव्हरचं केंद्र १९८६ला सुरू झालं, आणि ब्रुकलिनच्या या बाजूचं रेड हूकचं केंद्र १९८७ला. म्हणजे ज्या धक्क्यांबद्दल आपण बोलतोय त्यांच्या शेजारचं मैलापाणी तोवर शुद्ध न होताच नदीत जात होतं! केंद्रं सुरू झाल्यावर प्राणवायू वाढला, मासे परतले, पाणपक्षी परतले. आणि त्यांच्यासोबत टेरेडो आणि ग्रिबलही परतले.

तारखा जुळवून बघा. धक्क्यांवरची मालवाहतूक १९८३ला थांबली. लगेचच त्या जागेचं काय करायचं यावरून लोक भांडायला उठले. नेमक्या त्याच वर्षांत खाली पाणी निवळायला लागलं. ज्या स्वच्छ पाण्यामुळे माणसांना तिथे बागेत बसावंसं वाटणार होतं, तेच पाणी बागेचा पाया खाऊ लागलं.

म्हणून या उद्यानाच्या खर्चात सगळ्यात जड बाब कुठली, तर झाडं नाहीत, दिवे नाहीत, रखवालदारही नाहीत. खांब. पाणबुडे खाली उतरतात, एकेक खांब तपासतात. खूप खाल्ला गेला असेल तर त्याच्याभोवती साचा बसवून काँक्रीट ओततात. अजून धड असेल तर आधीच इपॉक्सीचं वेष्टण चढवतात. या वेष्टणाने नवा प्राणी आत शिरत नाही, आणि आत असलेल्याला प्राणवायू मिळत नाही, तो मरतो. पूर्वी घाण पाणी जे फुकट करत होतं ते आता पैसे मोजून, खांबामागे खांब करत जावं लागतं. आणि हे काम दशकानुदशकं चालणारं.

आता फ्लॅटकडे येऊ. २००२ साली न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर पटाकी आणि शहराचे महापौर ब्लूमबर्ग यांनी सही केलेल्या करारात एक अट होती. उद्यान उभारायचा खर्च शहर आणि राज्य करेल, पण चालवायचा आणि सांभाळायचा खर्च उद्यानाने स्वतः काढायचा. त्यासाठी थोड्या जागेवर बांधकाम चालेल, मात्र निदान ८० टक्के जागा मोकळी राहिली पाहिजे. प्रत्यक्षात बांधकाम त्या मर्यादेच्याही आतच राहिलं. जमीन विकलेली नाही, ती लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली आहे. इथली खुबी अशी की या इमारतींकडून जो मालमत्ता कर शहराच्या तिजोरीत गेला असता, त्याच्या बदल्यातली रक्कम भाड्यासकट थेट उद्यानाकडे येते. ती महापालिकेच्या एका मोठ्या पिशवीत जाऊन हरवत नाही. एखाद्या वर्षी शहराकडे खडखडाट असला तरी पाणबुड्यांचं काम थांबत नाही.

यावर आक्षेप घेणारे काही वेडे नव्हते. ६ नंबरच्या धक्क्याच्या तोंडाशी दोन टॉवर यायचे ठरले तेव्हा ब्रुकलिन हाइट्सच्या रहिवासी संघटनेने कोर्टात विचारलं की मधल्या काळात या भागातल्या जागांचे भाव इतके वाढलेत, उत्पन्न इतकं वाढलंय, मग या दोन इमारतींची खरंच गरज आहे का? बांधकाम चालेल ते गरजेपुरतंच, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? उद्यान चालवणाऱ्या महामंडळाने उत्तरात पुढ्यात ठेवले ते खांबच, आणि जोडीला परवडणारी घरं. २०१८ला निकाल महामंडळाच्या बाजूने लागला आणि टॉवर उभे राहिले.

मला विचाराल तर करार बरोबर होता. आणि संघटनेने विचारलेला प्रश्नही बरोबर होता. तो कुणी विचारला नसता तर 'खांबांसाठी' म्हणून आणखी किती मजले चढले असते कोण जाणे. मला या सगळ्या प्रकरणात मोलाचं वाटतं ते हे, की पाण्याखालच्या खांबांना पुढची पन्नास वर्षं काय लागणार याचा हिशेब भर सभेत मांडला गेला, त्याच्यावर सामान्य रहिवासी तज्ज्ञांसारखे भांडले, आणि एका साध्या उद्यानाच्या बैठकीत टेरेडोचं नाव निघालं. फीत कापताना असा हिशेब आपल्याकडे मी कधी ऐकला नाही.

ठाण्याच्या वाचकांच्या पत्रात शेवटी मुंबईच्या पूर्व किनाऱ्याबद्दल एक ओळ आहे: तिथेही हेच होईल का? टेरेडोपुरतं बोलायचं तर नाही. प्रिन्सेस डॉक १८८०चा, व्हिक्टोरिया १८८८चा, आणि १९१४चा अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. या गोद्या बांधल्या त्या दगडी भिंतींच्या, आणि दगड टेरेडो खात नाही. पण शिवडी ते माझगाव या पट्ट्यात काही करायचं झालं तर दगडालाही सांभाळावं लागतं, गाळ काढावा लागतो, भिंतीमागचा भराव धुपू द्यायचा नसतो. तो खर्च कोणाच्या खात्यातून, किती वर्षं, हे विचारायची वेळ हिरवळ लावायच्या आधीची आहे. आणि तो पैसा तिथल्याच जमिनीच्या उत्पन्नातून येणार असेल, तर तो तिथल्याच किनाऱ्यासाठी बांधून ठेवलेला असावा, एवढं तरी ब्रुकलिनकडून घेता येईल.

टेकड्यांचं पुढच्या आठवड्यात, नक्की. त्यांच्या पोटात काय भरलंय ते एव्हाना दोघा वाचकांनी ओळखून कळवलंय. बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो की ते भुयारातून आलंय.