पोचपावती कोणाच्या सहीची?

या आठवड्यात सॉर्टिंगकडे वळायचं ठरलं होतं, पण नाशिकहून आलेल्या एका पत्राने बेत मोडला. पत्रलेखकाने जुन्या मॅक मिनीवर लिनक्स आणि मॅकओएस अशा दोन्ही सिस्टिम टाकल्या, दोन्हींवर पोस्टग्रेस बसवलं आणि 10,000 ओळी एकेक करून इन्सर्ट केल्या. लिनक्सला 2 मिनिटं लागली, मॅकला 7 सेकंद. ‘मग मॅक इतका वेगवान कसा?’ हा त्यांचा प्रश्न.

त्यांनी डिस्कचा प्रकारही लिहिला, हे फार बरं केलं. मिनिटाला 5400 फेऱ्यांची डिस्क म्हणजे सेकंदाला 90 फेऱ्या. एका जोडणीवरून एकामागून एक कमिट होताना लॉगचा तोच ठोकळा पुन्हा लिहायला तबकडीची ती जागा फिरून डोक्याखाली यावी लागते. म्हणजे सेकंदाला फार तर 90 कमिट. लिनक्सचे सेकंदाला 83 कमिट या हिशेबात चपखल बसतात. मॅकचे 1400 तबकडीवर पोचलेच नाहीत!

कमिट म्हणजे रजिस्टर पत्राची पोचपावती. पोस्टग्रेस ‘एफसिंक’द्वारे ऑपरेटिंग सिस्टिमला ‘डिस्कवर लिहून झालं का?’ असं विचारतं आणि होकार आल्यावरच पुढे जातं. लिनक्सवर एक्स्ट४ फाइलसिस्टिम डिस्कला तिचा कॅशेही रिकामा करायला लावते. मॅकवर साधा एफसिंक डेटा डिस्कच्या हवाली करून परततो. डिस्कने तो कॅशेत ठेवला तरी पावती मिळते. वॉचमनने सही केली, पत्र अजून फाटकाशीच आहे. वीज गेली की ते पत्र गेलंच. शिवाय कॅशेतला डेटा दिलेल्या क्रमाने तबकडीवर उतरेलच असं नाही, त्यामुळे अख्खा डेटाबेस बिघडू शकतो. मालकाचीच सही हवी तर मॅकमध्ये एफ-फुल-एफसिंक आहे; पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी वॉल-सिंक-मेथड या सेटिंगला ‘एफसिंक-राइटथ्रू’ सांगावं लागतं. एसक्यूलाइटमध्येही ‘फुलएफसिंक’ मुळात बंदच असतं.

विंडोजवर डिस्कच्या राइट कॅशिंगची खूण तपासा, तिथेही हाच घोटाळा होतो.

वेग हवाच असेल तर हजार-हजार ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घाला. पावती हजार वेळा मागायची गरज नाही, एकदाच पुरे. किंवा ‘सिंक्रोनस कमिट’ बंद करा. मग वीज गेल्यावर, नेहमीच्या सेटिंगमध्ये, फार तर शेवटच्या 600 मिलिसेकंदांतले व्यवहार जातात, पण डेटाबेस शाबूत राहतो. मला हा सौदा पटतो, कारण काय जाणार ते आधी ठाऊक असतं. पोचपावती खोटी असली की तेच कळत नाही, म्हणून एफसिंकची पद्धत न तपासता केलेली कुठलीही तुलना मी मानत नाही.

नाशिककरांनी आता मॅकवर एफसिंक-राइटथ्रू लावून तीच चाचणी पुन्हा करावी. पोस्टग्रेससोबत येणारा ‘पीजी-टेस्ट-एफसिंक’ही चालवा, तो सगळ्या पद्धती शेजारी-शेजारी मोजून दाखवतो. एफसिंक-राइटथ्रूलाही सेकंदाला 90 च्या वर आकडा आला, तर सॉर्टिंग आणखी एक आठवडा थांबेल.