जांघेतलं भोक बुजतं कसं?

तुमच्या बाबांची ब्रिटनमध्ये अँजिओप्लास्टी झाली, तर नळी बहुधा मनगटातून जाईल. नंतर हवेचा पट्टा बांधला की भागतं. टावीची, म्हणजे हृदयाची झडप बदलायची नळी मात्र जाड, ती बहुतेकदा जांघेतून घालतात. पूर्वी जांघेतलं भोक हातानेच दाबून धरायचे, मग तासन्‌तास आडवं पडायचं. आता लहान भोकाला 'अँजिओ-सील': धमनीच्या आत चपटा नांगर, बाहेर कोलॅजनचा बोळा, मध्ये दोरा. साधारण 90 दिवसांत सगळं विरघळतं. टावीच्या भोकाला 'प्रोग्लाइड' चक्क टाके घालतं, तेही कातडीवरूनच! पण कधीकधी ही उपकरणं फसतात. घरी जांघेतून रक्त आलं किंवा ती एकदम फुगली, तर बाबांना आडवं करा, घट्ट दाबून धरा, 999 लावा. बाबा ‘काही नाही रे, थांबेल’ म्हणतीलच, ऐकू नका.