ट्राउट सध्या सुट्टीवर आहे!

डिसेंबर आला की ऑफिसात एकच विषय. सुट्टी कुठे टाकायची? गोवा झालं, दिवेआगर झालं. यंदा आमच्या ग्रुपने ठरवलं होतं, हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात जायचं. बर्फाळ नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून ट्राउट पकडायचा. तोही गळाला गांडूळ लावून नाही, फ्लाय फिशिंग करून! मी तर उत्साहात सेकंडहॅण्ड रॉडही घेऊन टाकला.

तिथल्या होमस्टेवाल्याला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, ''अभी तो बंद है जी. मार्च में आना.''

हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते. कारण याच दिवसांत ब्राऊन ट्राउटची वीण चालते. मादी शेपटीने नदीतले गोटे बाजूला सारते, खड्डा करून अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. थंड, वाहत्या पाण्यात ही अंडी कित्येक आठवडे त्या खडीखाली असतात. म्हणजे मासा पकडून सोडून दिला तरी आपले बूट नेमके त्याच अंड्यांवर पडू शकतात. हा मासा मूळचा आपल्याकडचा नाहीच. इंग्रजांनी हौसेखातर युरोपातून त्याची अंडी आणवली, 1900च्या सुमारास काश्मीरमध्ये तो रुजवला आणि मग हिमाचलात. पाहुणा असला तरी आता तिथल्या कित्येकांचं पोट त्याच्यावर आहे.

ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं, ''सेटिंग लागतं यार, थोडे पैसे दिले की झालं.'' त्याची रजा मंजूर झाली होती, तिकिटंही काढलेली. माझीही चलबिचल झाली, खोटं कशाला बोलू? दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण चाललं. शेवटी तिकिटं रद्द केली आणि मी रॉड घेऊन आजोळी गेले. अंतरवाली सराटीला.

2023च्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याआधी 'अंबड तालुका, शहागडजवळ' अशी पुस्ती जोडावी लागायची. शहागडला गोदावरी आहे. वर पैठणला जायकवाडीचं धरण, त्यामुळे इथलं पाणी संथ. ट्राउटचा इथे काय संबंध? पण प्रॅक्टिस तर करता येते!

साध्या गळात वजन शिशाचं असतं, म्हणून तो लांब जातो. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजनच नाही. इथे वजन असतं ते जाड दोरीला. ती मागे हवेत पूर्ण सरळ होईस्तोवर थांबायचं, मग पुढे फेकायची. मला तो थांबाच जमेना. चाबूक मारल्यासारखा आवाज व्हायचा आणि सगळा गुंता पायाशी. हिवाळ्यात मासेमारीला परवानगी असलेल्या परदेशातल्या नद्यांवर आणखी कठीण काम. पाणी चार-पाच अंशांवर आलं की ट्राउट सुस्तावतो, तळाशी पडून राहतो. त्याच्या अगदी तोंडाजवळून किडा न्यावा लागतो. रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो, तो वेगळाच.

मामा काठावर बसून हे सगळं बघत होता. ''एवढा खटाटोप करून मासा सोडून द्यायचा?''

शेजारी जाळं सोडवत बसलेले भोईकाका हसले. त्यांच्या जाळ्यात चिलापी होती, एक मध्यम कटला. मी त्यांना हिमाचलची बंदी सांगितली. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. ''आपल्याकडं पावसाळ्यात मासा गाभोळीला येतो, तवा बारीक जाळं लावू नये. लावतात, पण लावू नये.'' कोकण किनाऱ्यावरही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असतेच की. रायगडात महाडजवळ वाळण कोंडला तर देवीच्या डोहातल्या महाशीरला वर्षभर कुणी हात लावत नाही.

''आता सांग, तिकडं कवा जायचं?'' मामाने विचारलं.

''मार्चमध्ये.''

''मार्चात कामाची गर्दी असती म्हनतीस ना?''

बरोबर होतं त्याचं. मी उत्तर न देता रॉड मागे नेला, या वेळी खरंच थांबले. फ्लाय पाठीमागच्या बाभळीत जाऊन बसली. मामा चप्पल काढून काटे चुकवत झाडावर चढला.