पनीर स्वस्त झाले, निवळीचे काय?

100 लिटर दुधाचे पनीर केले की 80 लिटरच्या आसपास निवळी उरते. सप्टेंबर 2025 मध्ये पाकीटबंद पनीरवरचा जीएसटी शून्यावर आला, तेव्हा चर्चा झाली ती भावाची. या हिरवट-पिवळ्या पाण्याची नाही. निवळी ओढ्यात सोडली, तर ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. प्राणवायू संपवण्याचा तिचा हा भार घरगुती सांडपाण्याच्या शंभरपटींहून जास्त असतो. म्हणून ‘जनावरांना पाजा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो खरा आहे, पण अर्धाच.

इटलीतल्या पार्मा परिसरात याची घडी नीट बसली आहे. पार्मिजानो चीजच्या सुमारे 40 किलोंच्या एका चाकाला 500 लिटरहून अधिक दूध लागते. उरलेल्या निवळीतली थोडी दुसऱ्या दिवशीच्या विरजणासाठी राखतात. बाकीची बरीचशी डुकरांच्या खाद्यात जाते. याच डुकरांच्या मांडीचे प्रसिद्ध पार्मा हॅम होते. हॅमची नियमावलीही निवळीला मान्यता देते, मात्र एका डुकरामागे दिवसाला 15 लिटरपर्यंतच.

पनीरच्या निवळीचा हिशेब वेगळा. पनीरसाठी दूध 90 अंशांच्या आसपास तापवून आम्लाने फाडतात. या उष्णतेमुळे निवळीत जाणारी बरीच प्रथिने पनीरमध्येच अडकतात. मागे राहते ती मुख्यतः दुग्धशर्करा आणि क्षार. म्हणजे निवळीतून ऊर्जा मिळते. पण प्रथिनांसाठी दिल्या जाणाऱ्या सरकी पेंडेची जागा निवळी घेऊ शकत नाही. त्यात जवळपास 94 टक्के पाणी. एक किलो सुका भाग हवा, तर 16 लिटर निवळी वाहून आणावी लागते.

पाजण्याचीही रीत आहे. निवळी ताजी हवी. उन्हाळ्यात ती दिवसभरात आंबते. सिमेंटची गव्हाण आम्लाने झिजते, म्हणून प्लॅस्टिकचे टब बरे. मोठ्या जनावरांना थोडीथोडी वाढवत दोन-तीन आठवड्यांत सवय लावावी, सोबत कडबा आणि स्वच्छ पाणी ठेवावे. एकदम भरपूर पाजली, तर शेण पातळ होते, पोट फुगते. लहान वासरांना ती दुधाऐवजी देऊ नये. भांडी धुतलेले सोड्याचे पाणी तिच्यात मिसळता कामा नये.

निवळीची पावडर करणे मोठ्या प्रकल्पांनाच परवडते. छोट्या पनीरवाल्यासाठी शेजारचा गोठा हाच खरा मार्ग. टँकरने लांब नेली, तर खाद्यातली बचत डिझेलमध्ये जाते. त्यामुळे पनीरच्या कारखान्याला परवाना देतानाच त्याची निवळी रोज कोणत्या गोठ्यात जाणार, हे विचारायला हवे.